ध्रुवीय किनाऱ्यांवरचा कचरा आणि तो मोजणारी माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी उत्तर नॉर्वेतल्या त्रोम्सोला राहते. उन्हाळ्यात आम्ही शेजारीपाजारी मिळून आसपासच्या बेटांवर कचरा उचलायला जातो आणि त्याची नोंद ठेवतो. त्याचे फोटो टाकले की पुण्या-रत्नागिरीहून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. माझ्या किनाऱ्याबद्दल यात थोडंच आहे. बाकीचं स्वाल्बार्ड (नॉर्वेच्या मुख्य भूमीच्या बरंच उत्तरेला असलेली त्याचीच बेटं), अलास्का आणि कॅनडातल्या इनुइट प्रदेशाबद्दल आहे, कारण लोकांनी स्वतः मोजणी केल्याची सगळ्यात बोलकी उदाहरणं तिथली आहेत.

तिकडे माणसंच नाहीत, मग कचरा येतो कुठून?

माणसं आहेत. आर्क्टिकमध्ये सुमारे ४० लाख लोक राहतात. त्यातले साधारण दहा टक्के मूळ रहिवासी आहेत: इनुइट, सामी, उनांगन, नेनेत्स आणि इतर. पण स्वाल्बार्डसारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागणारा बहुतेक कचरा स्थानिक घरांतला नसतो, हे खरं.

अटलांटिकचा उबदार प्रवाह नॉर्वेच्या अंगाने वर येतो आणि त्याचा एक फाटा थेट स्वाल्बार्डच्या पश्चिम किनाऱ्याकडे जातो. वर पोचल्यावर हे पाणी थंड होतं, जड होतं आणि खाली बुडतं. तरंगणारं प्लास्टिक बुडत नाही. पाणी निघून जातं, प्लास्टिक मागे उरतं. ग्रीनलंड आणि बॅरेंट्स समुद्रात ते साठत जाण्याचं हे एक मोठं कारण आहे.

दुसरी वाट पूर्वेकडून येते. सायबेरियातल्या नद्यांतून सुटलेले ओंडके बर्फाबरोबर वाहत शतकानुशतकं स्वाल्बार्डला लागत आले आहेत. ज्या बेटांवर एक उभं झाड नाही, तिथल्या किनाऱ्यांवर लाकडाच्या राशी दिसतात. आता त्या राशींत बाटल्या आणि दोर अडकलेले असतात.

आणि तिसरं म्हणजे तिथेच चालणारी मासेमारी. बॅरेंट्स समुद्रात कॉड माशांचं प्रचंड धन आहे. जिथे ट्रॉलर, तिथे जाळ्यांचे तुकडे. हे रत्नागिरीकरांना वेगळं सांगायला नको.

नेमकं काय काय सापडतं?

जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने स्वाल्बार्डला जाणाऱ्या पर्यटकांच्या मदतीने २०१६ ते २०२१ या काळात १४ किनाऱ्यांवरून सुमारे २३,००० वस्तू गोळा करून मोजल्या. वजन भरलं १,६२० किलो. वजनाचा विचार केला तर त्यात मासेमारीचं सामान सगळ्यात जास्त: जाळी, दोर, बोये, मासळीचे क्रेट.

वजन आणि संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बातम्यांत त्यांची हमखास गल्लत होते. एखादं ट्रॉलचं जाळं एकटंच शेकडो किलो भरतं, पण यादीत ती एक वस्तू. उलट ट्रॉल जाळ्याचं पोट समुद्राच्या तळाला घासून फाटू नये म्हणून त्याच्या खाली प्लास्टिकच्या धाग्यांच्या झिपऱ्या बांधतात. त्या झिजण्यासाठीच बांधलेल्या असतात. त्यांचे निळे-नारिंगी धागे किनाऱ्यावर मूठमूठ सापडतात. वजन जवळपास शून्य, संख्या मात्र मोजता मोजता बोटं दुखतील इतकी. त्यामुळे "सगळ्यात मोठा कचरा कोणता" असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, काट्यावर की यादीत?

लेबल वाचून देश कळतो ना? मग दोषी शोधणं सोपं आहे.

सोपं नाही. स्वाल्बार्डच्या त्या ढिगातल्या जेमतेम १ टक्का वस्तूंवर वाचता येईल असा छाप उरला होता. त्यातल्या बऱ्याच रशिया आणि नॉर्वे या आर्क्टिक देशांतल्या होत्या. साधारण एक तृतीयांश युरोपातल्या होत्या आणि त्यांत जर्मनीचा वाटा बराच होता. एखाद-दुसरी वस्तू ब्राझील, चीन, अमेरिकेतलीही निघाली. जर्मनीत कचरा वेगळा करण्याची शिस्त किती कडक, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हा निकाल चांगलाच झोंबला.

पण छाप सांगतो वस्तू कुठे बनली ते. फेकली कुणी, ते नाही. जर्मन डबा नॉर्वेच्या बोटीवरून पडू शकतो, रशियन बाटली कुठल्याही जहाजाच्या खानावळीतून. बोटीवरचा माणूस सामान जिथे बंदर लागेल तिथे भरतो. लेबलांच्या यादीवरून देशांना गुण देणं मला तरी पटत नाही. जाळ्याचा प्रकार, गाठ, दोराचा पीळ यांवरून कधी कधी जास्त कळतं, आणि ते ओळखणारा माणूस विद्यापीठात नव्हे तर धक्क्यावर भेटतो.

'लोकसहभागी संशोधन' म्हणजे सफाई मोहीमच ना? नाव फक्त भारदस्त.

हाच गैरसमज माझाही होता. पहिल्या उन्हाळ्यात मी तीन पोती भरून मोठ्या अभिमानाने बोटीपाशी आणली. सोबतच्या म्हाताऱ्या शेजारणीने विचारलं, "दोर किती, बाटल्या किती, आणि किती मीटरमधून उचललंस?" तिन्हींचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. किनारा स्वच्छ झाला होता, पण पुढच्या वर्षी कचरा वाढला की घटला, हे सांगायची सोय मी घालवून बसले होते.

मोजणीची रीत अशी. ईशान्य अटलांटिकच्या ऑस्पार करारातल्या देशांनी ठरवलेल्या पद्धतीत १०० मीटरचा एकच पट्टा ठरवायचा आणि दर खेपेला तोच धरायचा. पाण्याच्या कडेपासून किनाऱ्याच्या मागच्या बाजूपर्यंत सगळं बघायचं. हातात शंभराहून जास्त प्रकारांची छापील यादी. एक सेंटिमीटरपेक्षा जाड तो दोर, बारीक ती सुतळी. अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचा तुकडा एका रकान्यात, अडीच ते पन्नास दुसऱ्यात, त्याहून मोठा तिसऱ्यात. हे सगळं उचलायचं, म्हणजे पुढच्या खेपेला जे दिसेल ते मधल्या काळात आलेलं. स्वाल्बार्डवर असे दोन पट्टे, ब्रुसेबुक्ता आणि लुफ्टस्कीपोडेन, पाहणीत आहेत.

कंटाळवाणं आहे. खरं सांगते, दुसऱ्या तासाला "हा दोर की सुतळी" यावरून वाद होतात.

मातीत गाडलेला कचराही मोजायचा?

यावर आमच्यातही एकमत नाही. आमच्या एका बेटावर गवतातून हिरव्या दोराचं टोक बाहेर आलेलं होतं. ओढलं तर गवताची ढेप हलली. खणल्यावर दिसलं की दोर नव्हे, जाळं होतं, आणि गवताची मुळं त्याच्या एकेका पिळातून आरपार गेली होती. जाळं आणि जमीन वेगळी करता येईना. तिघांनी सुरीने कापून कापून अर्धं काढलं, उरलेलं तिथेच राहिलं. यादीत लिहिलं: जाळं, मोठं, १. त्या "१" मध्ये आमची अख्खी दुपार गेली होती.

शास्त्रज्ञ स्वतः का करत नाहीत?

करतात, पण पुरे पडत नाहीत. स्वाल्बार्डचा किनारा बर्फाखालून मोकळा असतो तो जेमतेम जून ते सप्टेंबर. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर अस्वलासाठी बंदूकधारी पहारा लागतो. संशोधन जहाजाचा एक दिवसाचा खर्च ऐकला की माणूस गप्प बसतो. पर्यटकांची जहाजं मात्र त्या किनाऱ्यांवर जातच असतात. मग त्यांच्याच वाटाड्यांना पट्टा कसा मापायचा, वजन कसं करायचं, फोटो कसे काढायचे हे शिकवलं.

यातली विसंगती मला कळते. इंधन जाळत येणाऱ्या जहाजातून उतरून कचरा मोजायचा. पण तो मोजला नसता तरी जहाज आलंच असतं.

हौशी लोकांच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

आंधळेपणाने ठेवू नये. जिथे रबरी होडी सहज लागते तेच किनारे मोजले जातात, कड्याखालचे राहून जातात. नवख्याला मोठं जाळं दिसतं, वाळूतला पांढरा थर्माकोलचा दाणा दिसत नाही. त्यामुळे अशा पाहणीतून बारीक तुकड्यांचा आकडा नेहमी कमी येतो असं धरूनच चालावं. पण मोठ्या वस्तू, त्यांचं वजन आणि मासेमारीचा वाटा यांबाबत हे आकडे चांगले टिकतात. क्षेत्रफळ मोजलेलं असेल, फोटो असतील, आणि "इथे काहीच सापडलं नाही" अशीही नोंद असेल, तर मी विश्वास ठेवते. फक्त कचरा सापडलेल्या दिवसांचीच नोंद असेल तर नाही.

पर्यटकांनी मोजणं आणि मूळ रहिवाशांनी मोजणं यात फरक काय?

सगळा फरक तिथेच आहे. पर्यटक दुसऱ्याने ठरवलेल्या प्रश्नाचं उत्तर आणून देतो. रहिवासी प्रश्न स्वतः ठरवतो.

अलास्काच्या पश्चिमेला, बेरिंग समुद्राच्या मधोमध सेंट पॉल हे लहानसं बेट आहे. तिथे उनांगन लोक राहतात. त्यांच्या पूर्वजांना अठराव्या शतकात रशियन व्यापाऱ्यांनी फर सीलच्या कातड्यांसाठी या बेटांवर आणून वसवलं. पुढे बेट अमेरिकेकडे गेलं तरी सीलचा धंदा आणि गावाचा कारभार सरकारच्याच हातात राहिला, तो १९८०च्या दशकापर्यंत. त्या लोकांच्या आयुष्यात सील म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजावून सांगावं लागतं.

आता सील कसा अडकतो ते बघा. खोकी बांधायच्या प्लास्टिक पट्टीचं कडं न कापता तसंच समुद्रात पडतं. पिल्लू खेळता खेळता त्यात डोकं घालतं. सीलची फर मागच्या दिशेला झुकलेली असते, त्यामुळे कडं पुढून मागे सरकतं, मागून पुढे येत नाही. पिल्लू वाढतं, कडं वाढत नाही. वर्षभरात ते कातड्यात आणि मग मांसात रुततं. बेटावरच्या जमातीच्या परिसंस्था कार्यालयातले लोक कळपातून असा प्राणी हेरतात, लांब दांड्याच्या साधनांनी धरतात आणि कडं कापतात. कापलेलं कडं फेकत नाहीत. रंग, रुंदी, पट्टी की जाळं की दोर, प्राण्याचं वय आणि जखम किती खोल, हे सगळं लिहून ठेवतात. ही नोंदीची पद्धत पुढे इतर मूळ रहिवासी गावांनीही उचलली.

तिथे "किनाऱ्यावर किती कचरा" हा पहिला प्रश्न नाहीच. "आमच्या सीलच्या गळ्यात काय आहे आणि ते कुठल्या धंद्यातून आलं" हा आहे.

२०२० मध्ये बेरिंग सामुद्रधुनीत काय झालं होतं?

ही सामुद्रधुनी अलास्का आणि रशियाच्या मधली. त्या उन्हाळ्यात अलास्काच्या बाजूच्या नोम, गॅम्बेल, सावूंगा या गावांच्या आणि आसपासच्या किनाऱ्यांवर अचानक नेहमीपेक्षा वेगळा कचरा लागायला लागला: खाण्याची वेष्टनं, बाटल्या, घरगुती रसायनांचे डबे, मासेमारीचं सामान. बऱ्याच वस्तूंवर रशियन आणि कोरियन अक्षरं होती. ते करोनाचं वर्ष. बाहेरून कुणी येऊ शकत नव्हतं, गावांनी स्वतःच दारं लावून घेतली होती. मग गावकऱ्यांनी फोटो काढले, जागा आणि तारीख लिहिली, आणि ते सगळं या भागातल्या जमातींच्या कावेराक संस्थेकडे आणि अलास्का विद्यापीठाच्या नोममधल्या सागरी शाखेकडे पाठवलं. शास्त्रज्ञाच्या हाती जे आलं ते या फोटोंतूनच.

ही माणसं किनाऱ्यावर फिरायला म्हणून जात नाहीत. सील, वॉलरस, मासे, पक्ष्यांची अंडी हे त्यांचं जेवण आहे. अर्धवट भरलेला रसायनाचा डबा तिथे सापडणं म्हणजे आपल्या विहिरीच्या काठावर सापडण्यासारखं.

मग सीलच्या, माशांच्या पोटात प्लास्टिक असतं का? खाणं सुरक्षित आहे का?

यावरचं उत्तर प्राण्याप्रमाणे बदलतं, आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

फुलमार हा समुद्रपक्षी पाण्याच्या पृष्ठभागावरच खातो आणि त्याच्या पोटातून कठीण वस्तू लवकर पुढे सरकत नाहीत. म्हणून तो प्लास्टिकचा मापदंड मानला जातो. स्वाल्बार्डच्या ४० फुलमार पक्ष्यांपैकी ३५ जणांच्या पोटात प्लास्टिक निघालं, सरासरी १५ तुकडे. ऑस्पारने ठरवलेली मर्यादा अशी की ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त प्लास्टिक असलेले पक्षी दहा टक्क्यांहून अधिक नसावेत. स्वाल्बार्डवर ते बावीस टक्क्यांच्या वर होते.

आता दुसरी बाजू. पूर्व कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये इनुइट शिकाऱ्यांनी अन्नासाठी मारलेल्या १४२ सीलची पोटं तपासली गेली. शिकाऱ्यांनी ती २००७ ते २०१९ या काळात दिली होती. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक भोकांच्या चाळणीवर, नेमकं सांगायचं तर ४२५ मायक्रॉनच्या वर, एकही प्लास्टिकचा तुकडा सापडला नाही. कॅनडाच्याच न्यूफाउंडलंडमध्ये मच्छीमारांनी दिलेल्या २०५ कॉड माशांच्या आतड्यांत प्लास्टिक निघालं फक्त २.४ टक्क्यांमध्ये, म्हणजे पाच माशांत.

"काही सापडलं नाही" ही बातमी होत नाही. पण ज्या गावात दुकानातली भाजी विमानाने येते आणि सोन्याच्या भावाने विकली जाते, तिथे सीलचं मांस सोडून द्यायला लावणारी एक सनसनाटी बातमी लोकांच्या ताटावर थेट घाव घालते. त्यामुळे शून्यही तितक्याच काळजीने छापावं लागतं. अर्थात ४२५ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांबद्दल ही चाळणी काहीच सांगत नाही, आणि तेही त्याच दमात सांगायला हवं.

निकाल आधी कुणाला कळवायचे?

ज्यांनी मासा दिला त्यांना. न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात मॅक्स लिबोयरॉन यांनी उभी केलेली क्लिअर ही प्रयोगशाळा याबाबत ठाम आहे. निकाल नियतकालिकाकडे पाठवण्याआधी त्या गावात सभा घ्यायची, आकडे समोर ठेवायचे, आणि गाव "हे छापू नका" म्हणालं तर छापायचं नाही. त्याच प्रयोगशाळेत माशाचं पोट उघडताना कानात गाणी लावायची नाहीत असाही नियम आहे. प्राण्याचा मान म्हणून. वाचताना मला आधी हसू आलं होतं. मग आठवलं, आमच्या गावी आजोबा जाळं टाकायच्या आधी पाण्याला हात लावून नमस्कार करायचे.

कॅनडातल्या इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये संशोधनाचं स्वतःचं धोरणच जाहीर केलं. माहितीची मालकी आणि तिच्यावरचा ताबा हा त्यातला एक मुख्य मुद्दा. त्यामागे चीड आहे: पिढ्यान्‌पिढ्या लोक येऊन नमुने घेऊन गेले, आणि त्यांचं काय झालं ते गावाला कधी कळलंच नाही.

महागडी उपकरणं लागत असतील ना?

किनाऱ्यावरच्या मोजणीला दोरी, टेप, काटा आणि पेन्सिल पुरते. पाण्याच्या पृष्ठभागावरून बारीक प्लास्टिक गाळून घ्यायची प्रयोगशाळेतली जाळी मात्र हजारो डॉलरला पडते. त्यावर क्लिअरच्या लोकांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. लहान बाळाची घट्ट पायमोज्यांची विजार घ्यायची, तिचं तोंड उघडं राहील असं बांधायचं, तरंगायला रिकाम्या बाटल्या लावायच्या आणि होडीमागे ओढायची. पाणी विणीतून निघून जातं, कण आत राहतात. नाव ठेवलंय 'बेबीलेग्ज'. विजार स्वतःच नायलॉनची, त्यामुळे तिचे सुटलेले धागे मोजणीत धरले जाऊ नयेत यासाठी भडक रंगाची घ्यावी, म्हणजे ओळखू येतात.

बर्फातच प्लास्टिक आहे असं वाचलं होतं. खरं आहे?

खरं आहे, पण ते काम किनाऱ्यावरच्या माणसाच्या आवाक्यातलं नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आर्क्टिकच्या समुद्री बर्फात एका लिटरला १२,००० पर्यंत कण सापडले. पुढच्याच वर्षी स्वाल्बार्ड आणि ग्रीनलंडच्या मधल्या फ्राम सामुद्रधुनीतल्या तरंगत्या समुद्री बर्फाच्या लाद्यांवर पडलेल्या हिमात लिटरला १४,४०० पर्यंत सापडले, म्हणजे ते हवेतूनही येतात. यातले बहुतेक कण केसाच्या जाडीपेक्षा लहान असतात आणि त्यांना ओळखायला इन्फ्रारेड यंत्र लागतं. डोळ्यांनी दिसणारा कचरा आणि हे कण यांची आकडेवारी एकमेकांत मिसळू नये एवढं पुरे.

स्थानिक गावांचा स्वतःचा कचरा नसतोच का?

असतो, आणि त्यावर बोलायला लोक बिचकतात. गोठलेल्या जमिनीत खड्डा खणता येत नाही, रस्ता नाही, सामानाचं जहाज उन्हाळ्यात एक-दोनदा येतं आणि रिकामं परत जातं. मग उघड्यावर ढीग, आणि वारा आहेच. स्वाल्बार्डच्या लाँगइयरब्येनमध्ये घनकचरा वेगळा करून जहाजाने मुख्य भूमीवर पाठवतात, पण सांडपाणी कित्येक वर्षं प्रक्रियेविना सरळ फियोर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यात, सोडलं जायचं, कपड्यांच्या धाग्यांसकट. सगळं परदेशी प्रवाहावर ढकलणं सोयीचं असतं. चांगली मोजणी ही सोय ठेवत नाही.

किनाऱ्यावर दिसेल ते सगळं उचलायचं का?

अजिबात नाही! स्वाल्बार्डवर १९४६ पूर्वीची प्रत्येक मानवी खूण कायद्याने संरक्षित आहे. गंजका खिळा, तुटकी फळी, सतराव्या शतकातल्या देवमासा शिकाऱ्यांच्या भट्टीतल्या विटा, सगळं. एखादा उत्साही माणूस "जुनं भंगार" म्हणून जे पोत्यात टाकेल, ते वारसा असू शकतं. म्हणून नियम साधा: प्लास्टिक उचला, लाकूड, हाड, लोखंड, काच याला हात लावण्याआधी वाटाड्याला विचारा. एकाच किनाऱ्यावर चारशे वर्षांपूर्वीचा उद्योग जपायचा आणि चार वर्षांपूर्वीचा उचलायचा, ही गंमत तिथे उभं राहिल्यावर जाणवते. प्लास्टिकचा बोया आणखी शंभर वर्षं तिथेच राहिला तर त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न माझ्या मुलाने विचारला होता. मी विषय बदलला.

अंटार्क्टिकात कोण मोजतं? आणि भारत यात कुठे आहे?

तिथे मूळ रहिवासी नाहीत. मोजतात ते तळांवर राहणारे लोक. दक्षिण जॉर्जियाजवळच्या बर्ड बेटावर १९८९पासूनच्या तीस वर्षांत दहा हजारांहून जास्त वस्तू उचलून नोंदल्या गेल्या, त्याहून दक्षिणेकडच्या सिग्नी बेटावर १,३०४. इतकी लांब आणि अखंड नोंद आर्क्टिकमध्येही फार थोड्या ठिकाणी असेल.

भारताचे मैत्री आणि भारती हे तळ अंटार्क्टिकात आहेत, आणि स्वाल्बार्डच्या न्यू-ओलेसुंदमध्ये २००८पासून हिमाद्री हे केंद्र आहे. या सगळ्याचा कारभार पाहणारं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र गोव्यात, वास्कोला आहे.

या आकड्यांचं पुढे होतं काय?

समुद्रात प्लास्टिक टाकायला आंतरराष्ट्रीय नियमांनी १९८८च्या अखेरीपासून बंदी आहे, म्हणजे कायदा जुनाच आहे. अडचण पाळण्याची. जाळी-दोर इतके जास्त निघतात हे किनाऱ्यावरच्या नोंदींतून दिसलं की बंदरावर कचरा फुकट उतरवून घ्या, हरवलेलं जाळं कळवा, अशा उपायांना जोर येतो. नॉर्वेचा मत्स्यविभाग १९८०च्या दशकापासून हरवलेली जाळी तळातून ओढून काढतो आहे. आर्क्टिक परिषदेने २०२१ मध्ये सागरी कचऱ्याचा कृती आराखडा केला. संयुक्त राष्ट्रांचा प्लास्टिक करार मात्र २०२२ मध्ये ठरूनही ऑगस्ट २०२५च्या जिनिव्हा बैठकीतही एकमत न होता लटकला. इनुइट प्रतिनिधी त्या वाटाघाटींना जातात.

कोकणात असं करता येईल का?

पट्ट्याची पद्धत जशीच्या तशी चालेल. फक्त पावसाळ्यात समुद्र जे ओकतो त्याची मोजणी वेगळी ठेवा, नाहीतर वर्षाची सरासरी फसवी येईल.

आणि सेंट पॉलसारखं एक उदाहरण आपल्याकडे आहेच. जाळ्यात अडकलेलं कासव, देवमासा किंवा बहिरी (व्हेल शार्क) सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर महाराष्ट्राचा वनविभाग २०१८पासून मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतो. पुरावा म्हणून फोटो आणि व्हिडिओ लागतात. भरपाईसाठी काढलेल्या त्या फोटोंतून आपल्या किनाऱ्यावर कुठला प्राणी कधी, कुठे अडकतो याची नोंद आपोआप तयार होत गेली. तांडेलांनीच, म्हणजे बोट चालवणाऱ्यांनीच, ती केली.

मला स्वाल्बार्डला जाऊन भाग घ्यायचा आहे. काय तयारी करू?

स्वाल्बार्ड शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. भारतीय पासपोर्टवर ऑस्लोमार्गे जाऊन परत येणार असाल तर शेंगेनचा व्हिसा दोन प्रवेशांचा घ्या. एकाच प्रवेशाचा घेऊन अडकलेले लोक मला माहीत आहेत. पर्यावरण निधीचं शुल्क तिकिटातच धरलेलं असतं. वस्तीबाहेर एकट्याने जायचं नाही, वाटाड्यासोबतच जा, आणि जहाज निवडताना किनाऱ्यावरच्या नोंदीत ते भाग घेतं का हे आधी विचारा. पातळ हातमोज्यांवर जाड हातमोजे, दोर कापायला दातेरी सुरी (ती सामानात टाका, हातातल्या पिशवीत नको), आणि लिहायला पेन्सिल. बॉलपेनची शाई थंडीत गोठते.